सिझर झालेली बाळंतीण घरी येते तेव्हा

लावणीच्या दिवसांत आमच्या खानापूरकडच्या गावांतून एखाद्या दारी बाळंतीण आली की घरच्यांची दोन्हीकडून ओढ होते. तिकडे चिखलणी झालेले खाचर वाट पाहत असते, तरवा पिवळा पडू लागलेला असतो, पैऱ्याने बोलावलेल्या बायका बांधावर येऊन उभ्या राहतात. आणि इकडे माजघरात पोट शिवलेली सून आणि आठ दिवसांचे पोर. अशा वेळी "आता बरी दिसत्येय की, दोन घागरी पाणी तेवढं आणील" असे कोणाच्या तरी तोंडून निघून जाते. मनात वाईट काही नसते. पण त्या दोन घागरी किती महाग पडतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्याच भाऊबंदांतली गोष्ट. चुलत जावेला सिझर झाले, मुलगा झाला. सातव्या दिवशी घरी आली. घरात आनंद, न्हाऊ-माखू, डिंकाचे लाडू, सारे रीतसर. आल्या दिवसापासून टाक्यांवर हळद आणि तेलाचा लेप व्हायचा आणि वरून जुन्या लुगड्याचा घट्ट पट्टा. तेराव्या दिवशी घरात कोणी नव्हते. तिने विहिरीवरून हंडा आणला. संध्याकाळी पोटात कळ आली. सासूबाई दिवसभर चिखलात राबून आलेल्या, त्यांना कशाला सांगायचे म्हणून ती गप्प राहिली. दोन दिवसांनी पट्टा ओला झाला, घाण वास येऊ लागला, अंग तापले. दवाखान्यात नेले तेव्हा टाके उसवलेले होते. डॉक्टर म्हणाले, पू आधीच होऊ लागला होता. लेप आणि पट्टा यांखाली तो कोणाला दिसला नाही, आणि हंड्याच्या ताणाने उरलेले काम केले. पुन्हा भरती, रोज जखम धुणे, तीन आठवडे. लावणी राहिली ती राहिलीच, शिवाय म्हैस विकावी लागली.

तिच्या घरचे लोक मायेचे होते. फक्त दोन गोष्टी कोणाला ठाऊक नव्हत्या. जखम रोज पाहायची असते ही एक. आणि वरून कातडे मिटले म्हणजे आतून भरून आले असे नव्हे, ही दुसरी.

पूर्वी सिझर म्हणजे गावात वर्षा-दोन वर्षांतून ऐकू येणारी बातमी होती. आता तसे राहिलेले नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर बाळंतपणांमागे साडेआठ सिझरची होती. २०१९-२१ च्या पाहणीत तोच आकडा साडेएकवीसवर गेला. त्याच पाहणीत आपल्या कर्नाटकात तो ३१.५ आहे, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात तर ६०.७. एवढी सिझरे खरोखर लागतात का, हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे, पण तो या पाठाचा नव्हे. दारात बाळंतीण आली आहे, तिला नीट उभी करायची, एवढेच आज पाहू.

पोटात काय झालेले असते

सिझर हे नाव रोमच्या ज्युलियस सीझरवरून पडले, तो असाच पोट फाडून जन्मला, अशी कथा पुष्कळांनी ऐकली असेल. ती खरी मानवत नाही. कारण सीझर मोठा कर्ता पुरुष होईपर्यंत त्याची आई जिवंत होती, आणि त्या काळी पोट उघडलेली बाई वाचत नसे. १८८२ साली माक्स झेंगर नावाच्या जर्मन डॉक्टराने गर्भाशयाला व्यवस्थित टाके घालण्याची पद्धत मांडली, तिथून आया वाचण्याचे प्रमाण खऱ्या अर्थाने वाढले.

या शस्त्रक्रियेत कातडे, त्याखालची चरबी, पोटाला घट्ट धरून ठेवणारा जाड पांढरा पडदा, आतला पातळ पडदा आणि शेवटी गर्भाशय, इतके थर उघडून पुन्हा शिवलेले असतात. मधले स्नायू सहसा कापत नाहीत, ते बाजूला सारतात. कातडे आठ-दहा दिवसांत मिटते. गर्भाशय आपल्या मूळ आकारावर यायला सहा आठवडे लागतात. पण तो जाड पडदा, ज्याच्या बळावर आपण ओझे उचलतो, तो सर्वांत सावकाश भरतो. त्याची बरीचशी ताकद परत यायला दोन-तीन महिने जातात.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पावसात फुटलेला बांध आपण दगडमातीने भरतो. दोन दिवसांच्या उन्हाने वरची माती वाळते, कोणी पाहिले तर म्हणेल बांध झाला. पण आत माती ओलीच असते. त्यावरून म्हैस घातली तर बांध कुठे बसेल ते आपण जाणतो. सिझर झालेले पोट पहिले सहा आठवडे तसेच असते.

उठणे, बसणे, चालणे

झोपायला बाज देऊ नये. बाजेच्या झोळात शरीर खचते आणि उठताना सगळा ताण टाक्यांवर येतो. लाकडी फळ्यांची खाट, गुडघ्याएवढ्या उंचीची, वर साधी गादी, हे उत्तम. खाली चटईवर निजणे पहिले काही दिवस टाळलेले बरे, कारण जमिनीवरून उठणे हेच सर्वांत कठीण.

उठताना सरळ पाठीवरून उठायचे नाही. आधी गुडघे दुमडायचे, मग सगळे अंग एका कुशीवर वळवायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने रेटा देत बसते व्हायचे. क्षणभर बसून मग उभे राहायचे. खोकला, शिंक किंवा हसू आले तर घडी केलेली चादर किंवा लहान उशी दोन्ही हातांनी टाक्यांवर धरायची. ही उशी महिनाभर बाळंतिणीच्या हाताशी असावी.

"पडून राहा, हलू नको" हा सल्ला मायेचा असला तरी चुकीचा आहे. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची ओढ शरीरात जास्त असते, आणि सिझर झालेल्या बाईला तर आणखी जास्त. पडून राहिले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ बनते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचे जाते. म्हणून दवाखान्यातच चालायला लावतात. घरी आल्यावर घरातल्या घरात, मग अंगणात, रोज थोडे थोडे अधिक चालावे. खाटेवर असताना पावले वर-खाली हलवीत राहावे. चालल्याने पोटातला वायूही सुटतो.

शौचाला उकिडवे बसणे पहिल्या आठवड्यात जड जाते. खुर्चीला मध्ये भोक पाडून खाली भांडे ठेवण्याची सोय गावच्या सुताराकडून अर्ध्या तासात होते. ते नसेल तर शौचकुपाच्या भिंतीला धरायला एक मजबूत दांडा ठोकून घ्यावा. घरात शौचालय नसेल तर लांब ओढ्याकडे, रात्री काळोखात, बाळंतिणीला एकटी पाठवू नये. कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाजी आणि फळ रोज हवे. त्याचे पुढे येईलच.

किती उचलावे

साधे माप असे. आपल्या बाळापेक्षा जड असे काही सहा आठवडे उचलायचे नाही. पाण्याने भरलेली मोठी घागर बारा-पंधरा किलो भरते. वैरणीचा भारा त्याहून जड. भाताच्या पोत्याचे तर नावच नको. रहाटावर दोर ओढणे, कपडे बडवून धुणे, पिळणे, पाट्यावर वाटणे, विळीवर एक पाय दुमडून तासभर बसणे, गोठा झाडणे, वाकून म्हशीची धार काढणे, ही सारी कामे पोटाचीच आहेत, जरी ती हाताची दिसली तरी. मोठ्या मुलालाही कडेवर घेऊ नये. आईने खाटेवर बसावे आणि त्याला चढून कुशीत येऊ द्यावे. त्या पोरालाही आई हवी असते, हे विसरू नये.

भाजी निवडणे, बसून कणीक मळणे, बाळाचे कपडे घडी करणे असले हलके काम दोन आठवड्यांनंतर मनाला बरे वाटत असेल तर करावे. डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यात तपासून मोकळीक दिली की घरकाम हळूहळू वाढवावे. लावणी, कापणी, झोडपणी, डोक्यावरचे ओझे ही कामे मात्र तीन महिन्यांपर्यंत लांबवता आली तर लांबवावी. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्यांना हे ऐकणे कठीण जाते, हे मी जाणते. म्हणूनच पैरा असतो. आज तुमच्या सुनेच्या वाट्याची लावणी शेजारणीने करावी, माघी तुमच्या घरच्या हाताने ती फेडावी. आपल्या गावांत यात कोणी कमीपणा मानीत नाही.

एक गोष्ट पुरुषांसाठी. शेतात औषध फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला हात लावावा. ते कपडे बाळंतिणीने धुवायचे नाहीत, आणि औषधाचे डबे बाळंतिणीच्या खोलीत, माळ्यावरसुद्धा, ठेवायचे नाहीत.

जखमेची निगा

पट्टी काढल्यानंतर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज आंघोळ करावी. साधे कोमट पाणी जखमेवरून वाहू द्यावे, साबणाचा फेस हलक्या हाताने, घासायचे नाही. मग स्वच्छ सुती फडक्याने टिपून कोरडे करावे. पोटाची घडी जखमेवर पडत असेल तर तिथे घाम साचतो. दिवसातून दोनदा घडी उचलून टिपावी. नदीत, तळ्यात डुंबणे सहा आठवडे नको.

हळद, राख, तेल, शेण, झाडपाल्याचा रस, तंबाखूची पूड यांपैकी काहीही जखमेवर घालू नये. हळद भाजीत घालावी, तिथे तिला कोणी अडवीत नाही. जखमेला औषध लागेलच तर ते डॉक्टर सांगतील. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या, बरे वाटले तरी, संपेपर्यंत घ्याव्या. दुखण्याच्या गोळ्या दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशाच दिलेल्या असतात, त्या वेळेवर घ्याव्या. दुखणे सोसून कोणाला पुण्य लागत नाही, उलट दुखते म्हणून बाई चालत नाही आणि नीट बसून पाजीतही नाही. मात्र दुकानातून आपल्या मनाने गोळी आणू नये.

परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते आणि घासते. ती बेंबीच्या वर बांधावी, नाही तर महिनाभर सैल गाऊनच घालावा. पोट बांधण्याबद्दल बायका हमखास विचारतात. रुंद मऊ कापडाचा किंवा दवाखान्यातला पट्टा चालताना आधार म्हणून हलका बांधला तर बरे वाटते, जरूर बांधावा. झोपताना सोडावा. पण श्वास अडकेल इतका आवळून बांधल्याने पोट सपाट होते हे खरे नाही. वर सांगितलेल्या गोष्टीत काय झाले ते आठवा. बांधण्यापूर्वी जखम पाहायची.

आणि पाहायची कोणी? बाईला स्वतःला ती जागा दिसत नाही. हातात लहान आरसा धरून दिसते, किंवा नवऱ्याने, आईने, सासूने उजेडात पाहावी. कोरडी, थोडी गुलाबी, थोडी खाजरी, आसपास बधिर, असे असेल तर सारे ठीक. बधिरपणा कित्येक महिने राहतो, त्याला घाबरू नये. लाली पसरत चालली, जागा गरम आणि टणक झाली, पाणी किंवा पू आला, वास आला, कडा सुटल्या, तर त्याच दिवशी दवाखाना.

अंगाला तेल लावणारी बाई येत असेल तर हात, पाठ, खांदे यांना लावू द्यावे. पोट चोळू देऊ नये. एक पाय दुखत-सुजत असेल तर तो मुळीच रगडू देऊ नये.

शेगडीचेही सांगायला हवे. दारे-खिडक्या बंद करून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर धुरी द्यायची, ही रीत अजून आहे. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि कोवळ्या बाळाला तो आधी बाधतो. धुराने बाळाची छाती भरते. शिवाय बधिर कातड्याला चटका कळत नाही, भाजून फोड येतो तेव्हाच समजते. ऊब हवी तर जाड गोधडी आहे, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याइतकी चांगली ऊब दुसरी नाही.

बाळंतिणीचे ताट

इथे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका ताटात होतात. "पाणी कमी दे, टाक्यांत पाणी धरेल." "अंडं-मासळी नको, टाके पिकतील." "डाळ नको, पोरगं फुगेल." "भात नको, पोट सुटेल." असे एकेक वर्ज्य करीत गेले की शेवटी ताटात भाकरीचा तुकडा, तूप आणि सुंठ एवढेच उरते. त्याच बाईने जखमही भरायची आणि बाळाला दूधही पुरवायचे!

प्यालेले पाणी टाक्यांत जात नाही. उलट पाणी कमी पडले तर शौचाला खडा होतो, लघवीला जळजळते आणि बाई थकते. बाळाला पाजायला बसताना दर वेळी शेजारी पाण्याचा तांब्या असावा. गरम पाणी आवडत असेल तर गरम प्यावे, पण प्यावे.

जखम भरते ती प्रथिनांनी. डाळ, उसळ, अंडे, मासळी, कोंबडी, दूध, दही यांत ती असतात. यांनी टाके पिकत नाहीत. पिकतात ते जंतूंनी. जी बाई आधीपासून अंडी-मासळी खाते तिने बाळंतपणात सोडण्याचे कारण नाही. पहिले दोन-चार दिवस पोट जड वाटते तोवर मुगाचे वरण, पेज, मऊ भात असे हलके असावे. मग नेहमीचे जेवण.

दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे माप आहे. म्हणजे घरच्या भाषेत, नेहमीच्या जेवणाशिवाय दोन भाकऱ्या, एक वाटी घट्ट वरण आणि एक पेला दूध. हे काही श्रीमंतांचे खाणे नव्हे. आपल्या माळावर पिकणारी नाचणी तर बाळंतिणीसाठीच आहे म्हणा ना! १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तांदूळ आणि गहू यांच्या जवळपासही येत नाहीत. नाचणीची आंबील, भाकरी, गूळ घालून सत्त्व, काहीही करावे. परसातला शेवग्याचा पाला, माठ, मेथी, पपई, पेरू, लिंबू, हे विकत आणावे लागत नाही.

अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू चांगलेच, पण जेवणाच्या जागी नव्हे, जेवणानंतर. एका लाडवाने भूक मारून टाकली की डाळ-भाजी राहते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी लाडू, गूळ डॉक्टरांना विचारूनच.

सिझरमध्ये रक्त जास्त जाते, आणि आपल्या बायका मुळातच रक्ताने कमी. म्हणून लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस, रोज एक, घ्यायची असते, आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तितकेच दिवस. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, एकीने दुसरीचा गुण मारला जातो. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर कधीच नको. शौचाला काळे झाले तर भिऊ नये, ते लोहामुळेच. पुष्कळ घरी या गोळ्यांची पाकिटे फडताळात तशीच पडलेली मी पाहिली आहेत.

मिश्रीची सवय असेल तर ती सोडण्याची हीच वेळ. तंबाखूचे विष दुधातून बाळाकडे जाते. बाळंतिणीला ऊब म्हणून ब्रँडीचा घोट देण्याची जुनी रीत काही घरांत आहे, तीही बंद व्हावी, कारण दारूही दुधात उतरते. आणि प्रायश्चित्तकाळ आला तरी बाळंतिणीने उपास धरू नये. दूध पाजणाऱ्या आईवर ख्रिस्तसभा उपासाची सक्ती करीत नाही.

दूध

सिझर झाले म्हणजे दूध येत नाही, हा गैरसमज. येते. कधी एखादा दिवस उशिरा भरते, एवढेच. पहिले पिवळे चिकाचे दूध थोडेच असते पण बाळाला तेवढेच पुरते. मध, गूळपाणी, जन्मघुट्टी काही देऊ नये. सहा महिने पाणीसुद्धा नाही.

टाक्यांवर बाळाचा भार पडतो म्हणून पाजण्याची भीती वाटते. त्याला दोन युक्त्या. एक, कुशीवर निजून बाळाला आपल्यासमोर तोंड करून निजवावे. दुसरी, बसून बाजूला उशी ठेवावी आणि कोंबडी काखेत धरतात तसे बाळाला काखेखालून धरावे, पाय आईच्या पाठीकडे, तोंड स्तनाकडे. पोटाला धक्काही लागत नाही. बाळ उचलून देणे, बदलणे, ढेकर काढणे ही कामे पहिले दोन आठवडे दुसऱ्याने करावी. रात्रीसुद्धा. हे काम बापाला चांगले जमते, पण त्याला सांगावे लागते.

कंबर दुखली की पाठीतल्या इंजेक्शनला दोष देतात. त्याने जन्माची कंबर जात नाही. वाकून पाजण्याने, वाकून बाळाला आंघोळ घालण्याने ती दुखते. पाठीला टेकण घ्यावे. मात्र पहिल्या आठवड्यात बसले की डोके फुटते आणि निजले की थांबते असे होत असेल, तर ते इंजेक्शनशी संबंधित असू शकते आणि त्याला इलाज आहे. डॉक्टरांना सांगावे.

अंगावरून जाणे आणि पावसाळ्यातली फडकी

सिझरमध्येही अंगावरून जाते, याचे कित्येकींना नवल वाटते. काही दिवस लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरे, असे सहा आठवड्यांपर्यंत. फडकी वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवावी, लाजेने कपड्यांखाली झाकून नव्हे. आमच्याकडे जुलैत ऊन कुठले? मग चुलीजवळ दोरीवर सुकवून वरून गरम इस्त्री फिरवावी, किंवा तेवढे दिवस विकतचे पॅड आणावे. ओलसर फडके हे जंतूंचे शेत आहे.

केव्हा थांबायचे नाही

पुढच्या गोष्टी घरातल्या थोरामोठ्यांनी वाचून लक्षात ठेवाव्या, कारण अशा वेळी बाळंतिणीला बोलायचीही शुद्ध नसेल. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजणे किंवा लिंबाएवढ्या गाठी पडणे. १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप, मग तो थंडी वाजून असो वा नसो. अंगावरच्या जाण्याला घाण वास. एकाच पोटरीला सूज आणि कळ. दम लागणे, छातीत दुखणे. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका. हा रक्तदाबाचा प्रकार बाळंतपणानंतर सहा आठवडे केव्हाही येऊ शकतो, गरोदरपणी रक्तदाब चांगला असला तरी. लघवी अडणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा.

संत जियाना बेरेत्ता मोल्ला यांचे नाव आपल्या पुष्कळांना माहीत आहे. इटलीतल्या या बाई स्वतः डॉक्टर होत्या. २१ एप्रिल १९६२ रोजी शस्त्रक्रियेने त्यांना मुलगी झाली आणि पोटात संसर्ग पसरून २८ एप्रिलला त्या वारल्या. त्यांच्या त्यागाबद्दल आपण ऐकतो, २००४ साली त्यांना संतपद मिळाले. मला मात्र दर वेळी तो संसर्गही आठवतो. आज औषधे तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहेत. ती वेळेवर पोटात गेली पाहिजेत, एवढेच आपल्या हाती.

घरी येतानाही विचार करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, सात दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी सोडणारी गाडी फुकट आहे. ती मागून घ्यावी. खड्ड्यांच्या रस्त्याने मोटारसायकलवर मागे बसवून आणू नये. सिझरच्या बाळंतिणीकडे आशाताईंनी ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचे असते. त्या आल्या की चहा देऊन वाटेला लावू नये, जखम आणि बाळ दोन्ही दाखवावे.

मनाचे दुखणे

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगीच रडते. "पोरगी झाली म्हणून रडते" असे बाया बोलतात, ते खोटे. शरीरातले बदल, झोप नाही, दुखणे, यांनी पुष्कळजणींचे तसे होते आणि आठ-दहा दिवसांत निवळते. सिझर झालेलीला त्यात आणखी एक खुपते. "आमच्या वेळी आम्ही शेतातून येऊन बाळंत झालो" असे कोणी म्हटले की तिला वाटते, आपण काहीतरी कमी पडलो. पोट कापून घेऊन जिने मूल जगात आणले तिला असे ऐकवू नये.

दोन आठवडे होऊनही रडू थांबत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, झोप येत नाही, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, तर ती बाहेरची बाधा नाही आणि नाटकही नाही. तो आजार आहे आणि औषधाने बरा होतो. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची फुकट मदत २०२२ पासून मिळते, मराठी आणि कन्नडमध्येही बोलता येते. अशा बाईला एकटी ठेवू नये.

पुढचे बाळ

नवऱ्याने सहा आठवडे आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत थांबावे. त्यानंतरही तिचे मन आणि दुखणे पाहावे. पुढचे गर्भारपण राहण्यापूर्वी दोन वर्षे जावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझर झालेलीला याचे महत्त्व अधिक, कारण गर्भाशयावरचा वण कच्चा असताना पुन्हा ताण आला तर तो फाटू शकतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले, दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध, आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर शंभरांत दोघींहूनही कमी जणींना दिवस जातात. तिन्हींतली एक तुटली की भरवसा संपतो. पाळी येण्याआधीही दिवस जातात, हे ध्यानात असू द्यावे. पुढे काय करावे ते नवरा-बायकोने मिळून, डॉक्टरांशी किंवा धर्मग्रामात नैसर्गिक पद्धती शिकवणारे जाणते जोडपे असेल तर त्यांच्याशी बोलून ठरवावे. सहाव्या आठवड्याच्या आत बोलावे, नंतर नव्हे.

एकदा सिझर म्हणजे दर वेळी सिझर, ही म्हण १९१६ सालच्या एका अमेरिकन डॉक्टरापासून चालत आली आहे. त्या काळी छेद उभा घेत, वण दुबळा राही. आता बहुधा खालून आडवा छेद घेतात आणि पुष्कळजणी पुढचे मूल साध्या रीतीने जन्माला घालतात. पण ते घरी किंवा लहान दवाखान्यात करू नये. जिथे तत्काळ शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय आहे तिथेच जावे. तेव्हाचे डॉक्टर पहिली गोष्ट विचारतील की गर्भाशयावरचा छेद कसा घेतला होता, आणि ते बाहेरच्या वणावरून सांगता येत नाही. ते लिहिलेले असते दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कागदावर. तो कागद बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवावा, उंदीर आणि ओल लागणार नाही अशा जागी.